विनापरवाना भांडण

“इथं राहणारी माणसं पुढं कुठं गेली, हे आजवर कुणालाही कळलेलं नाही,” असं झेंडीवाला गाईड म्हणाला, तेव्हा लिबोरिओ कुसिवामान त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे राहून भाजलेला मका खात होते.

कुस्कोच्या वरच्या अंगाला, कोरलेल्या मोठ्या खडकांपाशी, लिमाहून आलेल्या पाहुण्यांना फिरवायला ते आले होते. पाहुणे बायकोकडचे. त्यांनी पैसे मोजून गाईड केला होता, कारण लिबोरिओकाका फुकट सांगत होते आणि फुकट सांगितलेल्या गोष्टीवर लिमाच्या माणसाचा विश्वास बसत नाही.

लिबोरिओंनी तोंडातला मका गिळला, शाळेतल्यासारखा हात वर केला आणि म्हणाले, “मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे, सेन्योर?”

“कुठं गेली ते. सान हेरोनिमोला गेली. चौकातून मिनीबस मिळते.”

गट हसला. गाईड हसला नाही. त्याने छातीवरचं कार्ड सरळ केलं. “सेन्योर, गटाला अडथळा आणू नका. या ठिकाणी माहिती देण्याचा अधिकार फक्त परवानाधारक मार्गदर्शकाला आहे.” आणि एवढ्यावर थांबला असता तर लिबोरिओंनी ते पोटात घातलं असतं. पण तो पुढे म्हणाला, “जरा बाजूला व्हा, फोटोत येताय.”

फोटोत येताय! ज्या माणसाचं आडनावच मुळी इंका राजांच्या घराण्यातलं, ज्याने पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर सारी नोकरी काढताना एकदाही खिडकी वेळेआधी बंद केली नाही, त्या माणसाने आपल्याच पूर्वजांच्या खडकापुढून बाजूला व्हायचं! लिबोरिओ बाजूला झाले. घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीने, ग्रिमानेसाबाईंनी, मिनीबसमध्ये दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं, कारण नवरा गप्प बसणं हे त्या घरात आजाराचं लक्षण होतं.

रात्रीच्या सूपवर त्यांनी जाहीर केलं, “मी माणसं घेऊन जाणार. वाकांच्या वाटेनं.”

वाका म्हणजे जागृत जागा. एखादा खडक, एखादा झरा, कुठे नुसती टेकडीच्या वळणाची जागा. जुन्या काळी सूर्यमंदिरापासून चहूकडे अशा जागांच्या माळा गेलेल्या होत्या आणि एकेका माळेची निगा एकेका कुळाकडे होती. लिबोरिओंच्या वडिलांनी त्यांना एक माळ चालवत नेऊन दाखवली होती. आता तिच्यावर शहर पसरलेलं होतं, पण वडिलांची बोटं लिबोरिओंच्या ध्यानात पक्की होती.

“कुठली माणसं नेणार?” ग्रिमानेसाबाईंनी विचारलं. “तुम्ही बोलावलं म्हणून आजवर आपल्या घरी नळवालासुद्धा आलेला नाही. आणि तुम्ही पाण्याच्या ऑफिसात होता.”

“आपली माणसं. गल्लीतली.”

“आणि काय सांगणार त्यांना? सगळं तुमच्या सान हेरोनिमोनं बांधलं म्हणून?”

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ग्रिमानेसाबाई सान सेबास्तियानच्या. तेही जुन्या इंका कुळांचं गाव आणि सान हेरोनिमोच्या अगदी शेजारचं. कुठलं कुळ थोरलं, हा प्रश्न साखरपुड्याच्या दिवशी निघाला होता आणि अजून संपायचा होता. मुलं झाली, मोठी झाली, अरेकिपाला नोकरीला गेली. प्रश्न घरातच राहिला.

“जे खरं आहे ते सांगणार,” लिबोरिओ म्हणाले.

“मग मी येत नाही,” बाई म्हणाल्या आणि सुपाचं भांडं उचलून घेऊन गेल्या. लिबोरिओंचं सूप अजून अर्धं व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही बातमी सेनोबियाच्या पार्लरमध्ये पोचली. सेनोबियाकडे एकदा डोक्यावर पाणी पडलं की बाईच्या मनात काही राहत नाही, आणि ग्रिमानेसाबाई केस रंगवायला गेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली सल्ला द्यायला दारात उभी.

“काका, आधी रंग ठरवा,” सेनोबिया म्हणाली. तिच्या हातात कात्री तशीच होती. “सगळ्यांचे स्वेटर एका रंगाचे. नाहीतर कोण आपला, कोण परका, कळायचं कसं?”

“सेनोबिया, आपण सगळे एका गल्लीत राहतो. आपण ओळखतो एकमेकांना.”

“म्हणूनच म्हणते. मला काहीजण परके वाटलेले बरे.”

आबेलार्दो पिलारेस हे पोलीस बँडमधून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचं वाद्य ट्यूबा, म्हणजे माणसाच्या अंगाला वेटोळं घालून डोक्यावर तोंड उघडणारं ते अजस्र पितळी प्रकरण. त्यांचं म्हणणं, बँडशिवाय इतकी माणसं रस्त्याने निघाली तर लोकांना वाटेल आपण मतं मागायला आलोय आणि वरून पाणी टाकतील.

“बँड कुठून आणू, आबेलार्दो?”

“मी आहे की.”

“एकटा ट्यूबा म्हणजे बँड?”

“बाकीचे नुसते नाजूक काम करतात हो. बँड म्हणजे मूळ ट्यूबाच.”

कुणी म्हणालं, विमा काढा. कुणी म्हणालं, आधी दगडांना कोकाची पानं वाहून परवानगी घ्या, त्यांनी नाही म्हटलं तर उगाच चालणं नको. एका म्हाताऱ्या बाईने सुचवलं की सगळं फारच छान आहे, फक्त चढ काढून टाका. आणि जेवण आहे का, हे मात्र प्रत्येकाने विचारलं. लिबोरिओंनी सहा-सात विचारवंत माणसांची शांत, गंभीर यात्रा मनात धरली होती. आठवड्याच्या शेवटी यादी पाहिली तर तिच्यात सेनोबियाची नणंद होती, नणंदेचा बेकरीवाला होता आणि एक गृहस्थ असे होते की ते नेमके कुणाचे, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण ते वेळेवर आले आणि मनापासून जेवले.

आता राहिली परवानगी. लिबोरिओ स्वतः सरकारी माणूस. परवानगीशिवाय त्यांनी कधी छत्रीसुद्धा उघडली नव्हती. इस्त्रीचा कोट घालून ते कचेरीत गेले. खिडकीमागचा तरुण अतिशय गोड बोलणारा निघाला, आणि तक्रार खिडकीवर जन्म घालवलेल्या लिबोरिओंना ठाऊक होतं की गोड बोलणाऱ्याकडून काही मिळत नसतं.

“मार्गदर्शक म्हणून जायचं तर परवाना लागेल, काका. परवान्याला पदवी लागेल.”

“पदवी कसली?”

“तुमच्या पूर्वजांची. म्हणजे, त्यांच्याविषयीची. संस्थेत शिकवतात. काही वर्षं लागतात.”

“मी माझ्या पूर्वजांची परीक्षा द्यायची? आणि नापास झालो तर? दुसरे पूर्वज घ्यायचे?”

तरुणाला खरंच वाईट वाटलं. “दुसरा मार्ग बघू या ना. मोर्चा म्हणून अर्ज करा. मोर्चाला लगेच मिळते. मागण्या काय आहेत?”

“काही नाहीत.”

“एखादी तरी?”

“आम्ही चालत जाणार आणि परत येणार.”

“मागणीशिवाय मोर्चा बसत नाही, काका. मग मिरवणूक करा. संत कोण?”

“एक खडक आहे.”

तरुणाने पेन खाली ठेवलं. “खडकाचं नाव कॅथेड्रलच्या पंचांगात आहे का?”

क्रीडास्पर्धेला रुग्णवाहिका लागत होती. लग्नाच्या वरातीला नवरी लागत होती. शेवटी तरुण खिडकीतून पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, “घरगुती सहल म्हणून जा. तिला कसलीही परवानगी लागत नाही. फक्त कुणी कुणाला काही समजावून सांगायचं नाही. समजावलं की मार्गदर्शन झालं, आणि मार्गदर्शन झालं की दंड.”

“आणि खडकापुढे उभं राहून मी नुसता उसासा टाकला तर?”

तरुणाने विचार केला. “उसासा चालेल. पण हाताने दाखवू नका.”

लिबोरिओ पायऱ्या उतरताना मोठ्याने म्हणाले, “जाणार म्हणजे जाणार.” पायरीवर बसलेल्या मोसंबीवालीने, “जा की, काका, कोण धरतंय?” असं उत्तर दिलं. त्या कचेरीच्या आवारात त्यांना मिळालेली तेवढी एकच बिनशर्त परवानगी.

रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी गर्दी जमली. सेनोबियाने स्वेटरचा आग्रह अखेर टोप्यांवर आणला होता आणि टोप्या जर्द नारिंगी होत्या. आबेलार्दो ट्यूबात शिरून तयार. आणि सगळ्यांच्या मागे, पाठीवर लिक्ल्यात, म्हणजे खांद्यावरच्या रंगीत शालीत, पातेलं बांधून, ग्रिमानेसाबाई.

“तू येणार नव्हतीस ना?”

“तुमच्यासाठी नाही आले. जेवण एकटं कसं जाईल?”

पहिली वाका निकानोरच्या गॅरेजात होती. माणसाच्या छातीएवढा काळा दगड, त्याच्यावर टायर रचलेले. निकानोर गाडीखालून सरपटत बाहेर आला, इतक्या नारिंगी टोप्या बघून परत आत गेला आणि बऱ्याच समजावणीनंतर पुन्हा आला. दगडाबद्दल त्याची तक्रार नव्हती. “हलवायला गेलो की जॅक निसटतो,” तो म्हणाला. “मग मीच म्हटलं, तुम्ही बसा, मी आजूबाजूनं काम करतो.” सगळ्यांनी टायर उतरवले, दगडापुढे कोकाची पानं ठेवली, टायर परत चढवले. लिबोरिओंनी कुणालाही काही समजावलं नाही. त्यांनी फक्त उसासा टाकला. हात खिशात होते.

दुसरी वाका म्हणजे झरा, आणि तो भट्टीतल्या कोंबडीच्या हॉटेलात होता. नेमकं सांगायचं तर हॉटेलच्या संडासात, लोखंडी झाकणाखाली. मालकीणबाई म्हणाल्या, संडास फक्त गिऱ्हाइकांसाठी आहे. मग भट्टी नुकतीच पेटलेली असताना सगळी गल्ली टेबलांवर बसली आणि प्रत्येकाने कोंबडी मागवली. त्यानंतर झऱ्याच्या दर्शनासाठी एकेकजण उठून संडासाकडे जाऊ लागला. रांग लागली. ती दारातून बाहेर फुटपाथवर आली. आतून बाहेर येणारा प्रत्येक माणूस गंभीर चेहऱ्याने पोटाशी टोपी धरून येत होता, एकीच्या तर डोळ्यांत पाणी होतं. रस्त्यावरच्या लोकांनी हे पाहिलं. पाटीवरची कोंबडी पाहिली. आणि त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला.

“पाणी वाजतंय हो खाली!” आबेलार्दो आतून भारावून ओरडले. “ऐका, ऐका! काय जोर आहे!”

याने परिस्थिती सुधारली नाही. शिवाय आबेलार्दो ट्यूबा काढून ठेवायला तयार नसल्यामुळे दारात अडकले. बेकरीवाला पुढून ओढत होता, गॅरेज बंद करून मागोमाग आलेला निकानोर आतून ढकलत होता. शेवटी आबेलार्दो सुटले. सुटताना ट्यूबातून जो आवाज निघाला, तो ऐकून समोर थांबलेलं एक आख्खं कुटुंब मुलांना उचलून निघून गेलं.

मालकीणबाईंनी आपल्या कोंबडीवरचा आळ पुसायला फोन फिरवला. विषबाधेची चौकशी करायला जो येणार होता तो आला नाही. त्याच्याऐवजी पर्यटन निरीक्षक आला, कारण तो जवळ होता. तिशीतला, दाढी घोटलेला, डोक्यावर सरकारी टोपी. त्याने नारिंगी टोप्या पाहिल्या आणि त्याचे डोळे चमकले.

“गट आहे. मार्गदर्शक कोण?”

“सहल आहे,” लिबोरिओ म्हणाले. “घरगुती.”

“हे सगळे तुमच्या घरातले?”

“घर मोठं आहे.”

निरीक्षकाला पुरावा हवा होता. तो लिबोरिओंच्या कोपराला कोपर लावून चालू लागला. लिबोरिओ थांबले की तो थांबे. ते नुसते खोकले तरी हा कान पुढे करी. बाजारातून, चढावरून, गल्ल्यांतून ती वरात निघाली. मागे ट्यूबा, पुढे सरकार.

तिसरी वाका सगळ्यांत महत्त्वाची. पायऱ्या कोरलेला, माथ्यावर नागमोडी पन्हळ खोदलेला पांढरा खडक. लिबोरिओंच्या वडिलांनी याच खडकाला पाठ टेकून दुपारची झोप काढली होती. आता त्याच्याभोवती एक महागडं हॉटेल उभं होतं आणि खडक आतल्या चौकात, न्याहारीच्या टेबलांमध्ये. दारावर पोंचो घातलेला दारवान.

“फक्त राहणाऱ्यांसाठी,” दारवान म्हणाला.

“आम्ही तुमच्या आधी राहत होतो,” लिबोरिओ म्हणाले.

“आरक्षण आहे?”

इथे लिबोरिओंच्या आत काहीतरी ताठ झालं. फोटोतून बाजूला झाले होते, कचेरीतून परत आले होते. या दारातून मात्र ते परतणार नव्हते. ते पायरीवर बसले. शांतपणे, कोटाची शेपूट सावरून. “आबेलार्दो,” ते म्हणाले, “वाजवा.”

आबेलार्दोंना गेल्या कित्येक वर्षांत कुणी ‘वाजवा’ म्हटलं नव्हतं. सगळे ‘पुरे’ म्हणत. त्यांनी छाती भरली. एकट्या ट्यूबावर वाजवलेलं संचलनगीत कसं असतं हे शब्दांत सांगणं कठीण आहे. घाटात ट्रक रिव्हर्स घेत असेल आणि त्याला त्याबद्दल अभिमान वाटत असेल, तर साधारण तसं. दुसऱ्या कडव्याला वरच्या खिडक्या उघडल्या. तिसऱ्याला व्यवस्थापक धावत आला आणि हात जोडून म्हणाला, “आत या, बघा, पण हे थांबवा.”

सगळे चौकात शिरले. खडकाभोवती उभे राहिले. हॉटेलचे पाहुणे अंघोळीच्या पांढऱ्या झग्यांत, काटे हवेत धरून बघत होते. गल्लीने लिबोरिओंकडे पाहिलं. लिबोरिओंनी निरीक्षकाकडे पाहिलं. निरीक्षकाने खिशातून पेन काढलं.

लिबोरिओंच्या ओठांपर्यंत सगळं आलेलं होतं: पन्हळ कशाची, पायऱ्या कुणी कोरल्या, वडील काय म्हणाले होते. सगळं तिथेच अडकलं. सेनोबियाची नणंद कुजबुजली, “एवढंच? आमच्या परसात याच्याहून मोठा आहे.” लिबोरिओंचे कान लाल झाले.

तेवढ्यात ग्रिमानेसाबाईंनी पाठीवरचं पातेलं खाली ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “काय सुरेख काम आहे नाही? आमच्या सान सेबास्तियानच्या लोकांनी केलेलं.”

“काय?” लिबोरिओ म्हणाले.

“या पायऱ्या. आमच्या.”

“तुमच्या? अगं, तुमचे लोक इथं आले तेव्हा या खडकाला शेवाळ धरलं होतं! ही पन्हळ आमच्या कुळानं खोदली. वरून चिचा, मक्याची दारू, ओतायची, डावीकडून गेली तर पाऊस चांगला, उजवीकडून गेली तर—”

“थांबा!” निरीक्षक पुढे झाला. “हे मार्गदर्शन आहे.”

“मार्गदर्शन?” ग्रिमानेसाबाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे वळल्या. “हा माझा नवरा आहे. आम्ही भांडतोय. नवऱ्याशी भांडायला परवाना लागतो का, बाळा? लागत असेल तर दाखव नियम. माझ्या आईलाही सांगायला हवं, ती बिचारी जन्मभर विनापरवाना भांडली.”

निरीक्षकाने नियम आठवून पाहिले. नवरा-बायकोचं भांडण कुठल्याच कलमात बसत नव्हतं.

“उजवीकडून गेली तर काय?” बेकरीवाल्याने विचारलं.

“तुम्ही मध्ये पडू नका, हे घरचं आहे,” बाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. “सांगा मला, उजवीकडून गेली तर काय?”

आणि मग लिबोरिओ सुटले. चिचा, पाऊस, पेरणीचा मुहूर्त, कुठल्या सणाला कुठलं कुळ कुठे उभं राहायचं, सगळं त्यांनी बायकोच्या तोंडावर फेकलं. तिने प्रत्येक गोष्ट खोडली आणि खोडताना आणखी दोन सांगितल्या. गल्लीचे दोन तट पडले. दारवान पाहुण्यांना हलक्या आवाजात इंग्रजीत सांगत होता की यांचं कशावरून चाललंय, आणि झग्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने ग्रिमानेसाबाईंच्या बाजूने मूठ वर केली.

“तुमच्या सान सेबास्तियानवाल्यांना राजानं गावाबाहेर का काढलं माहीत आहे?” लिबोरिओ गरजले. “गोंगाट करायचे म्हणून!”

“आणि तुम्हाला त्याच्याही पलीकडे का धाडलं? वास यायचा म्हणून!”

“तुम्ही नुसते पाणके! घागरी वाहायचे घागरी!”

“वाहायचे नाही, वाटायचे!” कुणीतरी ओरडलं. “पाण्याच्या पाळ्या आम्ही ठरवायचो! सगळ्या खोऱ्याच्या!”

सगळे वळले. ओरडलेला माणूस निरीक्षक होता. त्याची मान लाल झाली होती.

“तुझं नाव काय, बाळा?” ग्रिमानेसाबाईंनी एकदम मऊ आवाजात विचारलं.

“आउकापुरी. वाल्तेर आउकापुरी. सान सेबास्तियानचा. आणि ही पन्हळ चिचाची नाहीच, सेन्योर, ही पाण्याची खूण आहे. हे बघा, इथं वाकते, तो पहिला पाट, इथं दुसरा. माझे आजोबा—” त्याने हाताने दाखवलं. नीट, बोट लावून, खडकाभोवती फिरून, सगळे पाट दाखवले.

“पाळ्या तुम्ही ठरवल्यात होय!” लिबोरिओ म्हणाले. “मग आख्खी नोकरी मी ज्या तक्रारी ऐकल्या, त्या तुमच्यामुळेच!”

“साहेब,” सेनोबिया पुढे आली, “फार छान सांगितलंत. तुमचं मार्गदर्शकाचं कार्ड?”

निरीक्षकाने छातीवरचं कार्ड उचलून पाहिलं, जणू त्यावर काही नवीन लिहून आलं असेल. मग त्याने टोपी काढली. “दुपारच्या घंटेला माझी ड्यूटी संपते,” तो पडलेल्या आवाजात म्हणाला. “घंटा होईपर्यंत कुणीही, मीसुद्धा, एक अक्षर बोलायचं नाही. त्यानंतर मी फक्त आउकापुरी.”

आणि सगळे गप्प उभे राहिले. गल्ली, झगेवाले पाहुणे, व्यवस्थापक. काही करायला नव्हतं म्हणून सगळ्यांनी खडकाकडे पाहिलं. ऊन भिंतीवरून उतरून पन्हळीत शिरलं होतं आणि वळणावळणाने खाली सरकत होतं. आबेलार्दोंनी ट्यूबा जमिनीवर ठेवला. दारवानाने डोकं उघडं केलं. लिबोरिओंनी खडकाला पाठ टेकली. कुणी त्यांना बाजूला व्हा म्हटलं नाही. दगड कोमट होता. त्यांना वाटलं, आपण सकाळपासून जे सांगायला बघत होतो ते आता सगळ्यांना कळतंय, आणि कुणी काही सांगत नाहीये.

मग कॅथेड्रलची घंटा झाली आणि सगळे एकदम बोलू लागले.

शेवटची वाका टेकडीच्या माथ्यावर. तिला कुंपण नाही, पाटी नाही. त्या दिवशी तिच्यावर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. चादरीच्या मालकिणीने त्या काढल्या आणि ती जेवायला बसली. पातेली उघडली. भाजलेली कुई, म्हणजे घरी पाळलेले गिनीपिग, पानात उकडलेले मक्याच्या पिठाचे तमाल, उकडलेला मका, चीज. पहिली चिचा धरणीमायेला, मग म्हाताऱ्यांना, मग आउकापुरीला, कारण त्याचा घसा बसला होता. कोंबडीवाली मालकीणही आली होती. कुणी न खाल्लेल्या कोंबड्या ती टोपल्यात घालून मागोमाग चढली होती, आणि चढभर शिव्या देत होती.

लिबोरिओ पायाशी पसरलेलं खोरं बघत होते. ग्रिमानेसाबाईंनी त्यांच्या ताटलीत कुईचा पाय टाकला आणि इतक्या हळू आवाजात काही म्हणाल्या की वाऱ्यानेही ते नीट ऐकलं नसेल.

“तुमची चिचाची गोष्ट खरी असणार. माझे वडीलही तसंच म्हणायचे.”

लिबोरिओ ताडकन उभे राहिले. ताटली सांडली. “काय म्हणालीस? पुन्हा म्हण! मोठ्यानं म्हण! सेनोबिया, आबेलार्दो, इकडे या, ही काय म्हणाली ऐका!”

सगळे घास हातात धरून बघू लागले.

ग्रिमानेसाबाईंनी पदराला… म्हणजे आपल्या लिक्ल्याच्या टोकाला शांतपणे हात पुसले. “मीठ द्या म्हटलं,” त्या म्हणाल्या. “काय झालं एवढं?”

त्या दिवशी टेकडीवर बाई नक्की काय म्हणाल्या, यावर आता त्यांचं भांडण चालू आहे. दर रविवारी ते दोघं गॅरेजापासून टेकडीपर्यंत भांडत जातात, आणि ऐकायला म्हणून मागून जी माणसं चालतात, ती मोजायला अजून कुठल्याही कचेरीने माणूस पाठवलेला नाही. पाठवला, तर त्याच्या जेवणाची सोय बाईंनी करून ठेवलेली आहे.